साठी, बुद्धी आणि अंगठा

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने कोणी रचली असेल, त्याने म्हाताऱ्या माणसांचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी केले असेल. अवघ्या तीन शब्दांत त्याने एका रोगाला वयाच्या खात्यात जमा करून टाकले. माणूस साठीला आला की त्याची बुद्धी जाणारच, मग त्याला डॉक्टरकडे कशाला न्यायचे, औषधाला पैसे कशाला घालायचे, असा निकालच या म्हणीने देऊन ठेवला आहे. पिढ्यान् पिढ्या हा निकाल कायम आहे आणि त्यावर कोणी अपीलही केलेले नाही. ते अपील आम्ही आज वाचकांच्या न्यायालयात दाखल करीत आहोत.

निमित्त घडले ते आमच्या कार्यालयात आलेल्या एका बाईंचे. पक्षकाराची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत, पण नावगाव सांगणार नाही. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पहिलेच वाक्य बोलल्या, "वकील साहेब, माय मले ओळखत नाही. परवा मले म्हने, बाई, तू कोनाची?" त्यांची आई एका नगरपालिकेच्या सफाई खात्यात तीस वर्षे झाडू मारून निवृत्त झालेली. जो रस्ता तिने तीस वर्षे पहाटे उठून झाडला, त्याच रस्त्यावर ती दोन-तीन वर्षांपूर्वी वाट चुकली. दुपारपर्यंत एका ओट्यावर बसून राहिली. शेजारच्या पोरांनी घरी आणून सोडले तेव्हा घरचे हसले. म्हातारीला चळ लागला म्हणाले.

बाईंची तक्रार मात्र वेगळी होती. मायचे दोन खोल्यांचे घर भावाने बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून घेतले होते. आम्ही नोंदणी झालेली ती प्रत उघडून पाहिली. लिहून देणारीच्या जागी अंगठा होता. बाई म्हणाल्या, "साहेब, माय तं सही करे." नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाच्या रात्रवर्गाला जाऊन ही बाई सही करायला शिकली होती आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर महिन्याच्या पगारपत्रकावर तिने सहीच केली होती. अंगठा लावणाऱ्या बायकांना ती हिणवीत असे, असेही लेकीने हसत हसत सांगितले. अशी बाई बक्षीसपत्रावर अंगठा का लावते? एक तर कोणी तिचा हात धरून लावला, नाही तर सही कशी करायची हेच ती विसरून गेली होती. दोन्हीपैकी काहीही खरे असले तरी त्या दिवशी तिला आपण काय लिहून देत आहोत हे कळत होते का, हा प्रश्न उरतोच.

आम्ही विचारले, दवाखान्याचे कागद आहेत का? होते. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, गुडघ्याचे मलम. आणि वाट चुकल्यानंतर मुलाने तिला ज्या दवाखान्यात नेले होते तिथल्या चिठ्ठीवर एक ओळ: वयोमानामुळे विस्मरण. ना तपासणी, ना चाचणी, ना तज्ज्ञाकडे पाठविल्याची नोंद. बक्षीसपत्र झाले त्या तारखेला मायची बुद्धी शाबूत नव्हती हे सांगणारा एकही कागद आमच्या हातात नव्हता. म्हणीतली अक्कल दवाखान्याच्या चिठ्ठीवर उतरली आणि एका बाईचा खटला उभा राहण्याआधीच निम्मा हरला.

तेव्हा आधी रोग समजून घेऊ. वैद्यकशास्त्र ज्याला डिमेन्शिया म्हणते, मराठीत स्मृतिभ्रंश, ते एका रोगाचे नाव नाही. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तसा स्मृतिभ्रंश अनेक कारणांनी होतो. त्यातले सर्वांत मोठे कारण अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभरातल्या साठ ते सत्तर रुग्णांचा स्मृतिभ्रंश या एकाच रोगाने झालेला असतो. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा स्मृतिभ्रंश हे दुसरे मोठे कारण, आणि पुष्कळ म्हाताऱ्यांच्या मेंदूत दोन्ही एकदम नांदत असतात.

रोगाला नाव मिळाले ते अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरावरून. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई त्यांच्याकडे आली. नवऱ्याविषयी विनाकारण संशय घेणारी, वस्तू लपवून ठेवणारी, बोलता बोलता शब्द हरवणारी. डॉक्टरांनी तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तेही तिला पुरे करता येईना. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे पातळ काप करून अल्झायमर यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत पडलेला दोऱ्यांचा गुंता त्यांना दिसला. आज आपल्याला माहीत आहे की ते डाग अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. साठीचाही नाही, देवाच्या कोपाचाही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईला स्वतःचे नाव लिहिता आले नाही म्हणून जर्मनीत तिचा मेंदू तपासला गेला. आमच्या मायला सही करता आली नाही तेव्हा शाईचे पॅड पुढे केले गेले.

हा रोग लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच मेंदूत बस्तान बसवीत असतो. त्याचा पहिला हल्ला होतो तो नव्या आठवणी जिथे नोंदल्या जातात त्या भागावर. म्हणून रुग्णाला सकाळी चहा घेतला की नाही हे आठवत नाही, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे सगळे आठवते. आमच्या पक्षकाराची माय १९५६ साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती. तिथली गर्दी, बापाचे पांढरे धोतर, रस्त्यात खाल्लेली भाकर हे सगळे ती आजही सांगते. लोक म्हणतात, बघा, म्हातारीला सगळे आठवते, विसरल्याचे सोंग करते. सोंग नव्हे, रोगाची रीतच तशी आहे.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, नातवाचे नाव क्षणभर ओठावर न येणे, हे वयाचे आहे, त्याला घाबरू नये. परंतु जन्मभर थापलेली भाकरी कशी थापायची तेच सुचेनासे होणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, तासाभरात तोच प्रश्न दहादा विचारणे, रोजच्या वाटेवर हरवणे, संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचे' असा हट्ट धरणे, हे वयाचे नाही. यात आणखी एक लक्षण आहे, ज्याने कितीतरी घरे फुटली आहेत. रुग्ण आपले पैसे, आपली पोत कुठे तरी ठेवतो, विसरतो आणि सुनेवर चोरीचा आळ घेतो. कौटुंबिक तंट्यांत आम्ही वकील हे आरोप वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. सासू-सुनेचे भांडण म्हणून आम्हीही ते सोडून दिले. त्यातल्या किती सासवा आजारी होत्या, हे आज आठवले की आमचे आम्हालाच वाईट वाटते.

विसरणारा प्रत्येक म्हातारा अल्झायमरचाच रुग्ण असतो असेही नाही, आणि इथेच 'वयोमान' लिहून चिठ्ठी फाडणे हा गुन्हा ठरतो. शरीरात बी-बारा जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइडची ग्रंथी मंदावली असेल, मनाला नैराश्याने ग्रासले असेल, झोपेच्या गोळ्या जास्त होत असतील किंवा पडल्यामुळे कवटीच्या आत रक्त साकळले असेल, तरी माणूस असाच विसरू लागतो. यातली पुष्कळ कारणे उपचाराने दूर होतात. साध्या रक्ततपासणीने आणि गरज पडल्यास मेंदूच्या स्कॅनने ती कळतात. तपासणीच केली नाही तर बरा होणारा माणूसही म्हणीच्या हवाली होतो. आणि म्हणीपेक्षा वाईट म्हणजे देवऋषी. म्हातारी रात्री उठून मेलेल्या माणसांशी बोलू लागली की बाहेरची बाधा झाली असे ठरवून तिला उताऱ्याला नेणारी घरे आजही आहेत, आपल्या वस्त्यांतही आहेत, हे लपवून काय उपयोग? २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणारा तुरुंगात जाऊ शकतो, हे या घरांना सांगितले पाहिजे.

आता आकडे. देशभरातल्या ज्येष्ठांची पाहणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त. शहरापेक्षा खेड्यात जास्त. शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. वाचकांनी हे तीन निकष पुन्हा एकदा वाचावेत. बाई, खेड्यातली, आणि शाळेत न गेलेली. ही आपलीच आई आहे.

हे असे का, याचे उत्तर शास्त्रज्ञांनी दिले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे आणि बदलता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. त्यात लहानपणी न मिळालेले शिक्षण हा एक ठळक धोका आहे. आपण शिक्षणाकडे नोकरीचे साधन म्हणून पाहिले, स्वाभिमानाचे शस्त्र म्हणून पाहिले. ते मेंदूचे संरक्षणही असते हे आता कळते आहे. कोवळ्या वयात शिकणाऱ्या मेंदूत पेशी-पेशींमधल्या वाटा वाढतात. ज्या गावाला एकच वाट आहे ते गाव नाल्याला पूर आला की तुटते. ज्याला चार वाटा आहेत त्याचे एक वाट बुडाली तरी चालते. रोग दोघांच्याही मेंदूत शिरतो, पण चार वाटांच्या माणसाला तो उशिरा पाडतो. ज्यांच्या पूर्वजांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिले नाही, ज्यांच्या मुलींच्या हाती पाटीच्या आधी टोपली आली, त्यांचे नुकसान केवळ दाखल्यापुरते झाले नाही. ते सत्तराव्या वर्षी त्यांच्या मेंदूतून वसूल केले जात आहे. याची भरपाई कोणत्या न्यायालयात मागायची?

पण याच मुद्द्यावर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाही तर 'अडाणी म्हणून विसरते' अशी नवी म्हण तयार व्हायची. स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी अमेरिकेत १९७५ मध्ये तयार झाली. तीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, लिहिलेली सूचना वाचून तसे करायला सांगतात, एक वाक्य लिहायला आणि आकृती काढायला सांगतात. ज्या आजीने जन्मात पेन्सिल धरली नाही, तिला हा पेपर दिला तर ती नापास होणारच. चाचणी तिच्या स्मृतीची परीक्षा घेत नाही, तिच्या न झालेल्या शाळेची घेते. उलट, शिकलेला माणूस रोग असूनही चाचणीत उत्तीर्ण होऊन जातो. हरियाणातल्या बल्लभगढ भागात नव्वदच्या दशकात संशोधकांनी हे ओळखले आणि निरक्षर ग्रामीण वृद्धांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी तयार केली. म्हणून आमचे सांगणे आहे की आजीला तपासायला नेले तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, हिची शाळा झालेली नाही. आणि चाचणीच्या गुणांइतकेच महत्त्व घरच्या माणसाच्या सांगण्याला आहे. पूर्वी काय करीत होती, आता काय जमत नाही, केव्हापासून जमत नाही, हे तारीखवार लिहून न्यावे. तो कागद पुढे वकिलालाही उपयोगी पडतो.

लॅन्सेटच्या आयोगाचा हिशेब असा की हे चौदाही धोके समाजातून नाहीसे करता आले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील. हा समाजाचा हिशेब आहे, एकेका माणसाला दिलेली हमी नव्हे. सगळी पथ्ये पाळणाऱ्यालाही हा रोग होतो आणि विड्या ओढणारा एखादा नव्वदीतही खणखणीत असतो. वय आणि आनुवंशिकता यांच्यापुढे आपले काही चालत नाही. परंतु उरलेल्या भागात चालते, आणि तो भाग लहान नाही.

त्या चौदांतले सगळेच इथे मोजत बसत नाही. दोन धोके सर्वांत मोठे धरले आहेत. एक, रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल. दुसरा ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल: बहिरेपणा. चाळिशी-पन्नाशीत ऐकू येणे कमी झाले आणि त्यावर काही केले नाही, तर मेंदूला मिळणारे खाद्य कमी होते आणि माणूस चारचौघांतून बाजूला पडतो. कारखान्यातल्या यंत्रांपाशी, गिट्टीच्या खाणीत, छापखान्यात ज्यांनी आयुष्य काढले त्यांचे कान गेलेले असतात, आणि श्रवणयंत्राला आपल्याकडे लाजतात. चष्म्याची लाज गेली, यंत्राची का राहावी? आणि आता थोडे कडू बोलतो. गणपतीच्या डीजेला नावे ठेवणारे आम्ही १४ एप्रिलला तोच डीजे ट्रकवर चढवितो आणि त्याच्या भिंतीसमोर आपल्याच लेकरांना चार-चार तास नाचवितो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. पण नियम राहू द्या, आपल्याच पोरांचे कान आहेत. यावर आम्हाला पत्रे येतील हे माहीत आहे. यावीत.

बाकीचे बहुतेक धोके हृदयरोगाचेच आहेत. मध्यमवयातला उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, बैठे जीवन, अति दारू. जे हृदयाला बाधते ते मेंदूलाही बाधते एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रक्तदाबाची गोळी 'बरे वाटते' म्हणून बंद करणारे लोक आम्ही रोज पाहतो, त्यांनी हे दोनदा वाचावे. डोळ्यातला मोतीबिंदू न काढता बसणे हाही आता धोक्यांत धरला गेला आहे, आणि ती शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. हवेतले प्रदूषण यादीत आहे. चुलीपुढे बसून धूर गिळणाऱ्या आणि पहाटे रस्त्यावरची धूळ उडवीत झाडणाऱ्या बायकांना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. डोक्याला झालेली इजाही यादीत आहे. ती मोटारसायकलवरून पडून होते, बांधकामाच्या पराच्यांवरून पडून होते आणि, खरे सांगायचे तर, घरात नवऱ्याच्या हातूनही होते. बायकोचे डोके भिंतीवर आपटणारा तिची म्हातारपणची स्मृतीही हिरावून घेत असतो.

आणि एकटेपणा. मुले शहरात, सून नोकरीवर, म्हातारा दिवसभर खाटेवर, अशी घरे वाढत आहेत. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग केला गेला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आहार, व्यायाम, मेंदूला चालना देणारे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख, हे सगळे एकदम दिलेल्या गटाची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा चांगली टिकली. फरक फार मोठा नव्हता, पण होता. त्यासाठी फिनलंडला जायची गरज नाही. आपल्या वस्तीतले विहार रविवारी सकाळी आणि पौर्णिमेलाच का उघडते? रोज दुपारी दोन तास उघडले, तिथे म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखविला, ज्यांना येत नाही त्यांना अक्षरे गिरवायला दिली, महिन्यातून एकदा रक्तदाब-साखर तपासली, तर खर्च काय येणार आहे? चटई आहे, पंखा आहे, कुलूप तेवढे काढायचे आहे.

औषधांविषयी थोडक्यात. डोनेपेझिलसारखी औषधे जुनी आहेत. ती काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात, पण रोग थांबवीत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता मिळाली. ती मेंदूतले अमायलॉइड काढतात आणि सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णाची घसरण थोडी मंदावतात. पण त्यांनी मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि किंमत सामान्य माणसाने ऐकू नये अशी. गेलेली स्मृती परत आणणारे औषध अजून तरी जगात नाही. तेव्हा टीव्हीवर बुद्धिवर्धक गोळ्या विकणाऱ्यांच्या हाती पेन्शन देऊ नये.

आता आमच्या व्यवसायाकडे येतो, कारण डॉक्टर हे सांगत नाहीत आणि वकील विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रोगाचे निदान झाले म्हणजे त्याच दिवसापासून माणूस कायद्याने 'वेडा' ठरत नाही. करार कायद्याचे कलम १२ एवढेच पाहते की करार करतेवेळी त्या माणसाला त्याचा अर्थ कळत होता का आणि आपल्या हिताचा विचार करता येत होता का. मृत्युपत्राबाबत भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ५९ तेच म्हणते. म्हणजे रोगाच्या सुरुवातीला, समज शाबूत असताना, माणूस मृत्युपत्र करू शकतो आणि त्याने ते करावेच. त्या दिवशीचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडावा. वेळ हातची गेली की पुढे काही करता येत नाही.

इथे एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळ घरांत 'आईचे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे' म्हणून लोक निर्धास्त असतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारी देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो रद्दी होतो. इंग्लंडमध्ये बुद्धी गेल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते, आपल्याकडे तशी तरतूद नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी पालक नेमण्याची सोय आहे, स्मृतिभ्रंशाचे नाव त्यात नाही. म्हणून आईच्या खात्यातून तिच्याच औषधाचे पैसे काढायला मुलांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, कारण कायद्यातच जागा रिकामी आहे. झोपडपट्टीतला माणूस दोन खोल्यांसाठी उच्च न्यायालयात कसा जाणार? ही पोकळी भरणारा कायदा तालुक्याच्या न्यायालयात चालेल असा असला पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

जे हातात आहे ते तरी वापरावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' हा शब्द आहे. त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे कोणीही सज्ञान माणूस आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कलम १४ प्रमाणे नेमू शकतो. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरावे, असे कलम २१ सांगते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास कलम २३ प्रमाणे परत मिळू शकते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर 'सांभाळ करील या अटीवर' हे शब्द त्यात लिहून घ्यावेत. चार शब्दांवाचून मोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

आणि अंगठ्याविषयी. करार कायद्याचे कलम १६ सांगते की वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची बुद्धी तात्पुरती वा कायमची क्षीण झाली आहे, त्याच्याकडून कोणी लिहून घेतले तर लिहून घेणारा त्याच्यावर वर्चस्व ठेवण्याच्या स्थितीत होता असे मानले जाते. व्यवहार अन्यायाचा दिसला तर दबाव नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी लिहून घेणाऱ्यावर येते. असा दस्त रद्द करून घेण्याची मुदत माहिती झाल्यापासून तीन वर्षे. ज्याला स्वतः दावा लावण्याची समज उरली नाही त्याच्या वतीने वादमित्र म्हणून जवळचा माणूस दावा लावू शकतो.

हे सगळे कायदे घेऊन आम्ही त्या भावाविरुद्ध सज्ज होतो. नोटीस गेली आणि एके दिवशी तो स्वतःच आला, मायला सोबत घेऊन. तो आमच्या कल्पनेतला खलनायक नव्हता. हातगाडीवर भाजी विकणारा, डोळे तारवटलेला माणूस. म्हणाला, "साहेब, रातच्याला ती चारदा उठते. कडी काढून भाईर जाते. आता दाराले कुलूप लावतो आन् चाबी कमरेले बांधून झोपतो. तीन वर्षं झाले, बायको तिचे कपडे धुते. बहीन दिवाळीत येते आन् हिशेब विचारते." घर नावावर का करून घेतले विचारले तर म्हणाला, "उद्या मले बाहेर काढलं तं इतकं केलं ते कोन मोजन?" बहीण गप्प झाली. आम्हीही काही वेळ गप्प होतो.

त्याचे बायकोविषयीचे वाक्य आमच्या मनातून जात नाही. या रोगाची सगळी सेवा शेवटी कोणा तरी बाईच्या पदरात पडते आणि ती बहुधा सून असते, जिच्यावर त्याच म्हातारीने चोरीचा आळ घेतलेला असतो. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात संस्कृतचे पंडित स्मृती हरवून एका हत्तीमागे जातात आणि त्यांना सांभाळते ती माहुताची गरीब बायको. चित्रपट उत्तम आहे, अमृता सुभाष यांना त्या बायकोच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आमचे म्हणणे एवढेच की माहुताच्या बायकोलाही एक दिवस हा रोग होतो, आणि तिच्यावर चित्रपट निघत नाही. थोरामोठ्यांनाही तो सोडीत नाही. ज्यांच्या एका हाकेने मुंबई बंद पडत असे आणि ज्यांनी १९७४ चा रेल्वे संप केला, त्या जॉर्ज फर्नांडिस यांना अल्झायमरने गाठले आणि २०१० मध्ये त्यांची पत्नी व त्यांचे भाऊ यांच्यातला वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. संरक्षणमंत्री राहिलेल्या माणसाची ही स्थिती, तर झाडूवालीच्या घरात वाद झाला याचे नवल कसले?

सरकारने २०२४ मध्ये सत्तरीवरच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण दिले, चांगले केले. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचे. या रोगात भरती क्वचित लागते. लागतो तो घरात रात्रंदिवस एक माणूस, आणि त्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा एक रुपयाही या योजनेत नाही. दिवसभरापुरते म्हाताऱ्यांना सांभाळणारे केंद्र प्रत्येक प्रभागात असेल तर भाजीवाल्याच्या बायकोला निदान झोप तरी मिळेल. अंगणवाडी जर लेकरांसाठी असू शकते तर ही का नसावी? तूर्त ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत, ते लिहून ठेवावेत.

आमच्या प्रकरणात दावा दाखल झाला आहे, लेक वादमित्र आहे, पण भांडणासाठी नव्हे. घर मायच्या हयातीत मायचेच राहील, मागाहून दोघांचे होईल आणि सांभाळणाऱ्या भावाला तोवर पेन्शनमधून ठरावीक रक्कम मिळेल, अशी तडजोड बहीण-भावाने लिहून दिली आहे. समज गेलेल्या व्यक्तीच्या वतीने केलेल्या तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते, ती मागितली आहे. बहीण आता दर महिन्याचे आठ दिवस मायजवळ राहते आणि त्या आठ दिवसांत भावजय माहेरी जाते. रक्ततपासणीत बी-बारा फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू आहेत. तीव्रता थोडी उतरली असे लेक सांगते, डॉक्टर मात्र अल्झायमर आहेच असे म्हणतात. मायची शेवटची सही कोणत्या महिन्याच्या पगारपत्रकावर आहे ते पाहण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला आहे. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.